वाशीमची युनानी खाला

मला वऱ्हाडी बोली शिकवली ती एका ग्रीक बाईनं. असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग मी थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर "म्हणजे कशी?" असं विचारतात.

म्हणजे अशी, की नोकरीचा आदेश जऊळक्याच्या शाळेचा मिळाला आणि मी साताऱ्याहून एक ट्रंक घेऊन वाशीमला उतरले. जऊळक्याला राहायची सोय होईना, म्हणून वाशीममध्येच स्टेशनच्या अंगाला एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली घरमालकीण राहत होती. रशीदभाई नावाच्या त्यांच्या पुतण्यानं किल्ली दिली, पत्र्याच्या दुकानाची घाई होती म्हणून तो निघून गेला, आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "अन्न सांभाळून टाका हां बाई. चाची ऐकत नाही."

त्याचा अर्थ मला त्याच आठवड्यात कळला. सकाळची वेळ होती. जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात एक उंच, हाडकुळी म्हातारी उभी राहिली. डोक्यावर ओढणी, उन्हानं रापलेला चेहरा, शेतावर राबणाऱ्या बाईसारखे हात, आणि त्या सगळ्यात न शोभणारे राखाडी निळे डोळे. तिच्या हातात अर्धी भाकरी होती. माझ्याच कचऱ्याच्या बादलीतली.

"हे काहून फेकून राह्यली वं तू?"

"शिळी झाली होती," मी म्हटलं.

"शिळी म्हंजे काय? भाकर म्हातारी होते, मरत नाई."

तिनं ती भाकरी झटकली, ओठांना लावली, कपाळाला लावली आणि ओढणीच्या टोकात बांधून खाली घेऊन गेली. संध्याकाळी तिनं मला हाक मारली. ताटलीत कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून परतलेला कुस्करा होता. "खा," ती म्हणाली, "तुहीच भाकर हाये." मी खाल्ला, आणि तो इतका चांगला झाला होता की पुन्हा मागून घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. घास गिळला जातो की नाही हे ती बघत होती, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी समजलं.

तिचं नाव एलेनी. गल्लीनं त्याचं लेनीखाला, म्हणजे लेनीमावशी, केलं होतं. "नाम लेनी, काम देनी," असं पोरं म्हणायची, कारण तिच्या दारात गेलेलं पोर रिकाम्या हातानं परत येत नसे. मोठी माणसं तिला युनानी, म्हणजे ग्रीक, बाई म्हणत, आणि त्यातून एक गंमत झाली होती. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना युनानी म्हणजे हकिमाचं औषध एवढंच माहीत. त्यामुळे अनसिंगकडून, जऊळक्याकडून कोणी ना कोणी पोट धरून तिच्या दारात यायचं. "मी हकीम नाई बापू," असं तिनं वर्षानुवर्षं सांगितलं. शेवटी सांगणं सोडून दिलं आणि आलेल्याला उकडलेली पालेभाजी, वर तेल आणि लिंबू, असं खायला घालू लागली. तिच्या हाताला गुण आहे अशी बोलवा झाली ती कायमची. मी एकदा विचारलं, "खाला, खरंच बरं वाटतं का त्यांना?" ती म्हणाली, "आधे लोक उपाशी राह्यते म्हनून पोट दुखते. त्याले जेवाले घातलं का थांबते."

ती जन्मली पिरेयसला. अथेन्सला लागून असलेलं ते बंदर. वाशीमचे युसुफभाई जहाजावर इंजिनाच्या कामाला होते. जहाज दुरुस्तीसाठी तिथं बरेच दिवस अडकलं, आणि बंदरावरच्या एका खाणावळीत वाढणाऱ्या मुलीशी त्यांनी लग्न ठरवलं. तिच्या वडिलांना ते पसंत नव्हतं. मुसलमान, तोही इतक्या लांबचा. पण आईनं हट्ट धरला. ती गोष्ट खाला रंगवून सांगायची.

"लढाई होती ना, तवा जर्मन आत बसले होते अन् इंग्रजाईनं समुद्र बंद करून ठेवला होता. धान्य कुठून येईन? लोक रस्त्यात बसले का तिथंच मरून जाये. मंग एक जहाज आलं. कोनाचं? तुर्काचं! आमचे अन् तुर्काचे कितीक वर्षाचे झगडे. पन त्या जहाजात घेवड्याचं बी होतं, कांदे होते. माही आई म्हने, मुसलमानाच्या जहाजानं आपल्याले खाऊ घातलं, मंग मुसलमान जहाजवाल्याले नाई कसं म्हनाव?"

युसुफभाईंचे वडील वारले, दुकान बघायला कोणी नव्हतं, म्हणून ते जहाज सोडून बायकोला घेऊन वाशीमला आले. सासू कडक होती. ही कुठली मेम आणली म्हणून तिनं पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. जेवायला बसल्यावर घाबरलेल्या एलेनीच्या हातातून रोटी जमिनीवर पडली. तिनं ती चटकन उचलली, मुका घेतला आणि कपाळाला लावली. तिच्या देशात पडलेल्या पावाला असंच करतात. वाशीमच्या घरातही पडलेल्या रोटीला तसंच करत. सासूनं ते पाहिलं आणि स्वतः उठून तिच्या ताटात वाढलं. "ये तो अपनीच है," असं ती शेजारणींना सांगत सुटली.

त्याच दिवसांतला आणखी एक किस्सा ती सांगायची. तिला हिंदी येत नव्हतं. नणंद पाण्याचा पेला पुढे करून विचारायची, "पीना है?" आणि ही दचकायची. कारण तिच्या भाषेत भुकेला 'पीना' म्हणतात. "मले वाटे, या घरात सारे एकमेकाले भूक हाये काय, भूक हाये काय, असंच पुसतेत. किती चांगले लोक हायेत!" मग खरा अर्थ कळला तेव्हा ती हिरमुसली होती म्हणे.

रमजानात सासू तिला रोजे ठेवू देत नसे. बायका कुजबुजल्या की सासू म्हणायची, "इसके रोजे तो बचपन में ही हो गए." हे वाक्य खालानं मला किती वेळा सांगितलं असेल! सांगताना दरवेळी तिचा आवाज बदलायचा. सासूवर तिचा जीव होता. मूल झालं नाही, तरी सासूनं कधी त्यावरून बोल लावला नाही. सासू गेली, मग युसुफभाई गेले. रशीदभाई आणि त्याची बायको शबाना बाजूच्या दोन खोल्यांत राहत, शबाना तिला अम्मी म्हणे, आणि दोघं तिची काळजी घेत. तसं बघितलं तर ती एकटी नव्हती. पण भरल्या घरात ती कधीकधी दाराशी अशी बसलेली दिसायची, की एखादी बाई स्टँडवर चुकलेल्या गाडीची वाट बघत बसावी.

तिच्या काही सवयी होत्या. बोलता बोलता ती टेबलावरचे, चटईवरचे कण तळहातानं गोळा करायची आणि तोंडात टाकायची, बोलणं न थांबवता. "कशी आहेस?" असं तिनं कधी कोणाला विचारलं नाही. ती विचारायची, "काय खाल्लं?" आणि "जेवले" एवढ्यावर तिचं भागत नसे. भाजी कोणती, कशात परतली, पोळी का भाकरी, सगळं हवं असायचं. पावसाळा सुरू झाला की कमरेला छोटी सुरी खोचून ती गावाबाहेर शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून फिरायची. तरोटा, चिवळ, पाथरी अशा रानभाज्या ओढणीत भरून आणायची. पाथरीवर तिचा विशेष लोभ. "ही माह्या गावातबी होते," ती म्हणायची, "तिथं कडू, इथंबी कडू." लढाईच्या हिवाळ्यात अथेन्सभोवतालच्या टेकड्यांवर हिरवं असं काही उरलं नव्हतं, लोकांनी खुडून खाल्लं होतं. झाडांच्या शेंगा खाल्ल्या, ज्या एरवी जनावरांपुढे टाकत. सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नसे. आपल्याकडे एखादी म्हातारी बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल सांगते, तसं ती सांगायची. मिलोही तिनं खाल्ला होता. गावातले लोक नाक मुरडत असताना तिनं म्हणे त्या लाल भाकरीला तूप लावून मिटक्या मारल्या होत्या.

गल्लीतल्या लग्नात तिला आग्रहाचं बोलावणं असे, आणि त्याला कारण होतं. जेवणं सुरू झाली की खाला उष्ट्या ताटांच्या टपापाशी खुर्ची टाकून बसायची. बोलायची काही नाही. नुसती ताटाकडे बघायची, मग माणसाकडे बघायची. एकदा आमदाराच्या मागंपुढं फिरणारा एक तगडा गडी अर्धं ताट भरून तसाच टाकायला आला, तिचे डोळे पाहिले, आणि टपाजवळ उभ्या उभ्या दोन गुलाबजाम आणि वाटीभर पुलाव संपवून, घाम पुसत गेला. "खाला आली म्हंजे अन्न वाया जात नाई," असं स्वयंपाकी म्हणायचे. लोक हसायचे. तीही हसायची. पण टप रिकामा राहिला की तिच्या चेहऱ्यावर जी निवांतता यायची, ती हसण्यासारखी नव्हती.

एक मात्र होतं. ती रांगेत उभी राहत नसे. स्टेशनवर, बँकेत, दवाखान्यात, कुठंही रांग दिसली की ती वळून घरी यायची. मला वाटायचं, म्हातारपणाचा हेका.

तिला एक धाकटी बहीण होती, अन्ना. लढाईनंतर जन्मलेली. ती अथेन्सला राहायची आणि दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या. मी वर चहा करत असायचे आणि खालून ती अनोळखी भाषा ऐकू यायची, भरभर, चढ्या आवाजात, मध्ये हशा. एरवी हळू बोलणारी खाला त्या वेळात वेगळीच बाई व्हायची. शबाना सांगायची, "दोनो क्या खाया, क्या पकाया, बस इतनाच बोलते."

मग तो काळ आला, जेव्हा टीव्हीवर ग्रीसच्या बातम्या यायला लागल्या. बँका बंद, लोकांची पेन्शन कापलेली, चर्चच्या दारात जेवणासाठी उभी माणसं. शबानानं टीव्ही बंद केला तर खालानं तो पुन्हा लावायला सांगितला. रांगेतल्या एकेका चेहऱ्याकडे ती जवळ जाऊन बघत होती. त्या रविवारी फोन झाल्यावर ती वर माझ्याकडे आली.

"अन्ना खोटं बोलून राह्यली."

"काय म्हणाल्या?"

"म्हने, आज मासा केला. लिंबाचा रस टाकला त्याच्यावर. बटाटे भाजले, त्याले अजवान लावला, तेल किती टाकलं, सारं सांगतलं." ती खाली बसली. "भरल्या पोटाचा मानूस इतकं बारीक सांगत नाई वं."

दुसऱ्या दिवशी घरात पसारा मांडला गेला. शेवया, मुगाच्या वड्या, तिळाची चटणी, ज्वारीचे पापड, उन्हात वाळवलेली पाथरी. सगळं फडक्यात बांधून, वरून पांढरं कापड शिवून पार्सल तयार झालं. शबाना तिला म्हणाली, "अम्मी, इतक्या दूर शेवया पाठवून काय होनार?" खालानं सुई थांबवली नाही. पार्सल द्यायला मी सोबत गेले. नशिबानं पोस्टात गर्दी नव्हती. काऊंटरवरच्या माणसानं पत्ता वाचला, पुन्हा वाचला.

"हे कुठं आलं म्हनाव, आजी?"

"माहं माहेर."

"तिकडे काय भेटत नाई काय, शेवया पाठवून राह्यल्या?"

"भेटते. पन हातात पैसा नाई."

त्याला वाटलं असावं, फॉरेनात असं कसं असेल. मग त्यानं उठून पार्सलला वरून आणखी एक पिशवी गुंडाळून दिली आणि म्हणाला, "पानी लागू नोका देऊ, समुद्रावरून जाईन हे." विमानानं जातं हे त्याला सांगणं आम्हा दोघींनाही बरं वाटलं नाही.

पार्सल पोचलं. एका रविवारी खालून रडण्याचा आवाज आला म्हणून मी धावत गेले, तर खाला फोन कानाला लावून रडता रडता हसत होती. अन्नानं शेवया टोमॅटोच्या रश्शात शिजवल्या होत्या. आणि चटणी घेऊन ती चर्चच्या दारात गेली होती, तिथं रोज भेटणाऱ्या बायांना वाटायला. आपण तिथं रोज उभ्या असतो, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बहिणीला सांगितलं. त्यानंतर पार्सलं जात राहिली. पोस्टातला माणूस "आजी, माहेर कसं हाये?" असं विचारू लागला.

दोन-तीन वर्षांनी अन्ना गेली. एका संध्याकाळी तिच्या मुलाचा फोन आला, तो कॅनडाला स्थायिक झालेला. थोडक्यात सांगून त्यानं ठेवला. खाला त्या रात्री जेवली, नेहमीसारखी, ताट पुसून. शोकात उपास करणं तिला कळतच नसे. पण पुढच्या रविवारी ती फोनजवळ जाऊन बसली. शबानानं विचारलं, कोणाला लावू? ती म्हणाली, "कोनाले नाई. बसून राह्यतो." मग बराच वेळ तशीच बसली. मी तिच्याजवळ गेले तेव्हा म्हणाली, "सारे पुसतेत मले, जेवली काय. तू पुसते, शबाना पुसते. पन माह्या बोलीत आता कोनी पुसनार नाई." मी तिच्या बाजूला बसून राहिले.

त्याच हिवाळ्यात तिनं मला तिच्या भावाबद्दल सांगितलं. रविवार होता. आम्ही गच्चीवर उन्हात तूर निवडत होतो. मी सहज विचारलं, तुम्ही दोघीच बहिणी का? ती निवडत राहिली.

"लढाईत आमी चार जन होतो. माय, बाप, स्ताव्रोस अन् मी. मंग तीन झालो. पन भाकर चारची येत होती."

मला समजलं नाही.

"रेशनचं कारड होतं ना. मानूस मेला का त्याची भाकर बंद. म्हनून कोनी सांगेच ना. स्ताव्रोस माह्याहून मोठा. पाय सुजले होते त्याचे. सकायी उठलाच नाई. माय रडली नाई, शेजारी आयकतीन म्हनून. तिनं त्याचे जोडे काढून घेतले. मले झाले ते. थोडे मोठे होते, चिंध्या कोंबल्या आतून. बापानं त्याले सतरंजीत गुंडायलं अन् कबरस्तानाच्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं. तिथं लय असत. गाडी येये अन् साऱ्याले उचलून ने."

"नाव..."

"नाव नाई ना. नाव सांगतलं तं कारड जाते."

ती तुरीतला एक खडा काढून बाजूला ठेवून म्हणाली, "शेजारीन पुसे, स्ताव्रोस कुठं हाये? मी सांगे, झोपला हाये. मायनं शिकवलं होतं. मी लहान होती, पन चुकली नाई. भाकरीच्या लाइनीत मायसंगं उभी राहो अन् कोनी पुसलं का म्हनो, झोपला हाये." पुन्हा तुरीत बोटं फिरवत ती म्हणाली, "त्याच्या वाटनीची भाकर मी खाल्ली. म्हनून तं वाचली. आता तो कुठं हाये, कोनाले मालूम? मोठी झाल्यावर आमी पाह्यले गेलो. तिथं नुसतं गवत होतं."

सूप उचलून तिनं तूर पाखडायला घेतली. युसुफभाईंना हे माहीत होतं, सासूला माहीत होतं. दोघं गेल्यावर वाशीमात कोणाला माहीत नव्हतं. मलाच का सांगितलं, ते तिनं सांगितलं नाही.

पुढे लॉकडाऊन लागला. शाळा बंद, मी घरात अडकलेली. अकोला नाक्याकडून माणसं चालत जायला लागली. हैदराबादकडून, हिंगोलीवरून, पुढे मध्य प्रदेशात, आणखी लांब. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. गावातले तरुण जेवणाची पाकिटं वाटत होते. पहिल्या दिवशी खालानं ते रशीदभाईच्या मोबाइलवर पाहिलं आणि शबानाला कणीक मळायला सांगितली. तेव्हा ती चांगलीच थकलेली होती. पण रस्त्याच्या कडेला कडुलिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ती येऊन बसली, तोंडाला ओढणी बांधून. समोर टोपल्यात रोट्या आणि पातेल्यात वरण. मी वाढायला.

ती मला थांबवायची. आधी समोरच्या माणसाला विचारायची, "नाव काय बापू?" तो सांगायचा. ती ते दोनदा म्हणायची, मोठ्यानं. "रामसजीवन. रामसजीवन. हां, घे." पोर असलं तर पोराचंही नाव. त्यामुळे वेळ लागायचा आणि माणसं साचायची. पाकिटं वाटणारा एक मुलगा वैतागला. "खाला, नाव कायले पाह्यजे? पटपट वाटा ना!"

"भाकर तं कुत्र्यालेबी देतेत," ती म्हणाली. "मानसाले नाव पुसतेत."

मुलानं तिला वेड्यातच काढलं असावं. तिच्यासमोर रांग होत होती आणि ती न उठता तिथं बसली होती, याचं नवल फक्त मला वाटत होतं.

एके दुपारी एक माणूस आला. पस्तिशीचा, एकटा, पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. तिनं नाव विचारलं. त्यानं पुढे केलेला हात मागं घेतला.

"नाम का क्या करोगे, अम्मा? पिछले गाँव में नाम पूछा और भगा दिया."

मी रोटी तशीच पुढे करणार होते. खालानं माझा हात दाबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावरची ओढणी खाली केली आणि म्हणाली, "ठीक है. पह्यले मेरा ले. मैं एलेनी."

"क्या?"

"एलेनी."

त्यानं म्हणून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा म्हटलं. "ए-ले-नी." त्याला हसू आलं, तिलाही आलं. मग तो तिच्याजवळ वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला. आम्हाला ऐकू आलं नाही. तिनं या वेळी ते मोठ्यानं म्हटलं नाही. नुसते ओठ दोनदा हलले. आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याला रोट्या दिल्या. तो सावलीत बसून जेवला, वर वाटीभर वरण पिऊन गेला. जाताना तिच्याकडे वळून त्यानं हात केला. तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती बघत होती.

त्याच्या पुढल्या वर्षी माझी बदली साताऱ्याकडे झाली. निघताना तिनं मला वाळवलेल्या पाथरीची पुरचुंडी दिली आणि बजावलं, "तिकडे गेली का गोड गोड बोलू नोको, आमची बोली इसरशीन." शबानाच्या फोनवरून अधूनमधून ती बोलायची. काय खाल्लं, कशात परतलं. मग बोलणं तुटक होऊ लागलं. मध्येच एखादा शब्द परका यायचा. एकदा शबानाच म्हणाली, "बाई, अम्मी अब अपनीच जबान बोलती. हमारी सब भूल गई."

गेल्या हिवाळ्यात मी वाशीमला गेले. दुपारची वेळ होती. अंगणात खाटेवर ती बसली होती, गुडघ्यावर शाल, डोक्यावर ओढणी नव्हती, शबानानं पांढऱ्या केसांची बारीक वेणी घातलेली. मला पाहून तिच्या डोळ्यांत ओळख आली नाही. पण लगेच ती माझ्याशी बोलायला लागली, तिच्या भाषेत, जणू आमचं बोलणं मघाशीच अर्धवट राहिलं होतं.

शबाना खुर्ची घेऊन आली. म्हणाली, रशीदभाईच्या मुलीनं मोबाइलवर भाषा बदलून सांगणारं ते काढून पाहिलं होतं. मोबाइलनं 'समुद्र' आणि 'काकू' असं काहीतरी भलतंच सांगितलं, आणि खाला मोबाइलवर चिडली. त्या कॅनडातल्या भाच्याला फोन लावला, तर नंबर लागत नव्हता. "आता आमी नुसतं हां अम्मी, हां अम्मी करतो," शबाना म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "क्या मांगती, क्या दुखता, कुछ पता नहीं चलता. खाना बराबर खाती, बस."

मी खाटेसमोर खुर्ची ओढून बसले. खाला बोलत राहिली. कधी हळू, कधी हात हलवून, कधी हसून. एका ठिकाणी ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. तिनं काही विचारलं होतं, आणि ती उत्तराची वाट बघत होती. मग मी तिला माझ्या शाळेबद्दल सांगितलं, वऱ्हाडीत, तिनं शिकवलेल्या. आईच्या आजारपणाबद्दल सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. आईचं सांगताना तिनं "च्च" केलं, बरोबर तिथंच. मी थांबले तशी तिची पाळी सुरू झाली. अशा आम्ही किती वेळ बोललो कोण जाणे. ती काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही. त्या बोलण्यात कोण कोण होतं, कोणत्या गल्ल्या होत्या, ते जगात आता कोणालाच कळणार नाही. पण किती वर्षांनी ती असं भरभरून बोलत होती!

गाडीची वेळ झाली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि उठले. तिनं अडवलं नाही. शबाना वाळलेले कपडे काढायला मागं गेली होती.

फाटकापाशी येऊन मी वळून पाहिलं. खाला रिकाम्या खुर्चीकडे थोडी पुढे झुकून बोलत होती. मग ती थांबली. मान जराशी कलती करून तिनं ऐकलं, नीट, शेवटपर्यंत. काहीतरी पटल्यासारखी मान डोलावली, आणि हसून पुन्हा बोलू लागली.